डहाळीपुढची तार

"थांब! पाय टाकू नकोस!" रुचिराने प्रणितची कॉलर मागून खस्सकन खेचली.

"अगं, गळा आवळशील की माझा!"

"तिथे बघ आधी!"

वाटेवर हिरवी डहाळी पडली होती आणि तिच्यापुढे गवतात तारेचा फास चमकत होता. कालच कोन गावामागच्या डोंगरात, सुट्टीतल्या शिबिरात, कुमारसरांनी जंगलात उपाशी पडलं तर ससा कसा पकडायचा ते शिकवलं होतं. वाकवलेल्या झाडांना बांधून तारेच्या पाच फासक्या लावल्या होत्या. कुणाचा पाय पडू नये म्हणून प्रत्येकीपाशी खुणेची डहाळी ठेवली होती.

"तू काल ताप काढत घरी होतास, म्हणून तुला माहीत नाही. पण डहाळी दिसत असून तू तिच्याकडेच का निघालास?"

"आपली एक वर ठेवायला!" कोन गावचाच असलेला प्रणित म्हणाला. "आमच्यात वाटेवर डहाळी दिसली की तो देव. आपलीही ठेवायची, म्हणजे जंगल सांभाळतं." बोलता बोलता त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "रुचिरा... माझी गोदूआत्या सकाळीच करवंदांना वर गेलीय! तीही डहाळी ठेवायला वाकेल!"

दोघं धावतच सरांकडे गेली.

"काढल्या सगळ्या," सर चहा फुंकत म्हणाले. "तीन की चार... तीनच होत्या!"

"पाच होत्या, सर! एक आम्ही आत्ता पाहिली, म्हणजे वर अजून एक आहे!"

सर "अरे, अरे" करत उठेपर्यंत पोरं चढणीला लागली होती. काटे ओरबाडत होते, रुचिराला रडू फुटत होतं. आपल्याला उशीर झाला तर? वळणावर आली आणि खाली आत्या दिसली! हातात ताजी डहाळी घेऊन ती वाटेवरच्या खुणेच्या डहाळीकडे वाकत होती.

"आत्या! मागे हो!" प्रणित जिवाच्या आकांताने ओरडला. पण आत्याला कमी ऐकू यायचं.

रुचिराने पाण्याची स्टीलची बाटली जोर लावून भिरकावली. बाटली खणखणत आत्याच्या पुढ्यात आपटली. आत्या दचकून दोन पावलं मागे सरली.

"कोन रं मेला दगडं मारतंय?"

प्रणितने खाली घसरत जाऊन काठीने तार ढोसली. सट्! वाकवलेलं झाड ताठ झालं आणि काठी हवेत लोंबकळू लागली. आत्या मटकन खाली बसली.

"पण मी खूण केली होती!" धापा टाकत आलेले सर म्हणाले.

"तुजी खून आमचा देव हाय, बाबा!" आत्या म्हणाली. "आनि पोटाला पायजे तर करवंदं हायत की! सशाच्या जिवावर कशाला उठतोस?"

सरांनी मान खाली घातली. "चुकलो, आत्या. या पोरांनी आज माझीही लाज राखली."

खालच्या वाटेवर राहिलेली फासकीही त्यांनी स्वतः उपटली. आत्याने रुचिराला जवळ ओढलं आणि हातातली डहाळी तिला दिली. "आज मना तू सांभालली, पोरी. ही तूच ठेव."

रुचिराने आधी काठीने जमीन तीनदा चाचपली. मग डहाळी ठेवली.