दुसऱ्या खणातली टकटक

ज्या कुणी चार वर्षांपूर्वी त्या कागदावर ‘साधी गाठ, काळजीचं कारण नाही’ असं लिहून सही ठोकली, त्याने सूक्ष्मदर्शकात धड डोकावूनही पाहिलं नव्हतं. हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. घाई होती म्हणे. कुणाच्या पायापेक्षा मोठी अशी कसली घाई?

असो. सुरुवात अगदी साधी होती. मंगळवारची दुपार, जेवणाची सुट्टी संपत आलेली, आणि मला तळघरातून एक ब्लॉक आणायचा होता. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला, रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा. काडेपेटीपेक्षाही लहान. त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप आम्ही काचेवर चढवतो, रंगवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाचतो.

हा ब्लॉक हरणीचा होता. वय एकोणीस. चारशे मीटरला कॉलेजात तिच्यापुढे कुणी नाही, म्हणून हरणी. मांडीतली ती ‘साधी’ गाठ परत आली होती, आता मुठीएवढी. नव्या तपासणीत कॅन्सर निघाला आणि गुरुवारी सकाळी पाय काढायचं ठरलं.

मला त्या पेशी नेहमीच्या वाटत नव्हत्या. एक फार दुर्मीळ प्रकार असतो. त्यात दोन जनुकं तुटून एकमेकांना भलतीच चिकटतात आणि त्या जोडावरच गाठ पोसते. तो जोड सापडला तर त्याच्यावर गोळी आहे. रोज घ्यायची गोळी, पाय न कापता! पण सिद्ध करायला तुकडा काढताना जिवंत असलेल्या पेशी लागतात, आणि नव्या तुकड्यात जवळजवळ सगळ्या आधीच मेलेल्या. जनुकं तपासणाऱ्या लॅबने तो ‘अपुरा’ म्हणून परत धाडला होता.

“शंकेवर मी थांबत नाही,” सर्जन त्याच सकाळी म्हणाले होते. “उद्या संध्याकाळपर्यंत पुरावा आण.”

उरला होता फक्त तो चार वर्षांपूर्वीचा ब्लॉक.

जिन्याशी बाकावर हरणीची मावशी बसली होती. “डॉक्टरीणबाई, सापडेल ना?”

“सापडेल, मावशी. इथे काहीच फेकत नाहीत.”

“धावायचे बूट घेऊन आलीय ती. म्हटलं कशाला गं, तर म्हणते, एक तरी लागेलच की.”

मी खाली उतरले.

तळघर लांबलचक आहे. दोन्ही बाजूंना मांडण्या, मांडण्यांत खोके, खोक्यांत माणसांचे हजारो तुकडे. मेणाचा गोडसर वास, आणि त्याच्या मागून डोळ्यांना झोंबणारं फॉर्मालिन. मी नंबर शोधला. आधीचा ब्लॉक होता, पुढचा होता. मधली जागा रिकामी. बोट घातलं तर टोकाला नुसती धूळ आली.

आता मावशीला काय सांगू?

आणि तेव्हा ऐकू आलं.

टक... टक.

हसू नका. आमच्या खात्यातल्या कुणालाही तो आवाज ओळखता येईल. दुर्मीळ कॅन्सर वाचणाऱ्या आमच्या मोठ्या बाई प्रत्येक काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी तिची कड टेबलावर दोनदा आपटायच्या. मग काचेवर हिरव्या शाईचे तीन ठिपके द्यायच्या, नेमकं कुठे बघायचं ते दाखवायला.

बाई जाऊन तीन वर्षं झाली होती.

“सुरीकाका...?” मी हाक मारली. काप काढणारे आमचे सुरीकाका. “तुम्ही आहात का...?”

दिव्याची गुणगुण थांबली होती. कोपऱ्यात बाईंचं लोखंडी कपाट होतं, चादरीखाली झाकलेलं. त्याच्या खणांवर नंबर नाहीत म्हणून कुणी ते कधी उघडलंच नव्हतं. आम्ही सगळे नंबराने शोधणारे.

टक... टक.

मी चादर ओढली. दुसरा खण बोटभर उघडा होता. आत एक लिफाफा, त्यावर बाईंच्या अक्षरात ‘परत बघा’ आणि खाली हरणीचा नंबर. लिफाफ्यात ब्लॉक आणि एक काच. काचेच्या कोपऱ्यात हिरवे तीन ठिपके.

जिना मी कसा चढले, देव जाणे.

सुरीकाकांनी ब्लॉक हातात घेतला, आणि मग माझा अंगठा बघितला. तो हिरवा झाला होता.

“मॅडम... ही शाई ओली आहे.”

“हो.”

“त्या शाईची बाटली मीच फेकलीय. सुकून दगड झाली होती.” मग ते सुरी पुसत म्हणाले, “जाऊ दे. बाईंचं काम अडवायची माझी कधी छाती झाली नाही.”

जनुकांच्या चाचणीला दहा दिवस लागतात. पण त्या जोडातून बनणारं प्रथिन रंगाने एका दिवसात दिसतं. बुधवारी संध्याकाळी मी नवी रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली. ठिपक्यांनी दाखवलेल्या त्याच कोपऱ्यात पेशीन् पेशी तपकिरी उजळलेली! दोन्ही काचा घेऊन मी सर्जनांकडे पळत सुटले.

सर्जनांनी बराच वेळ बघितलं. मग ठिपक्यांची जुनी काच उजेडात धरली.

“खूण कुणाची?”

“मोठ्या बाईंची.”

“मग वादच मिटला.” कधी केली, ते त्यांनी विचारलं नाही. “उद्याचं ऑपरेशन रद्द. पाय राहू दे.”

दहा दिवसांनी जनुकांचा रिपोर्ट आला. तोच जोड. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत गाठ सुपारीएवढी उरली, चौथ्या महिन्यात ती अलगद काढली. आणि काल सकाळी आमच्या लॅबच्या लांब व्हरांड्यातून धाड धाड आवाज आला. हरणी धावत येत होती. दोन्ही बूट घालून! मागून मावशी ओरडत होती, “अगं, दमानं! पडशील, आणि मग पुन्हा यांच्याच दारात!” सगळी लॅब टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या, हात लाल होईपर्यंत.

सुरीकाका तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. ते नुकतेच तळघरातून वर आले होते आणि दाराशी उभे राहून कोरडे हात पुन्हा पुन्हा पुसत होते.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “टाळ्या झाल्या असतील तर खाली चला... आता तिसऱ्या खणातून वाजतंय.”