अकरा गुणांची गाडी

साताऱ्याच्या वाहनमेलन केंद्रात जुनी गाडी घ्यायला आलेल्या माणसाचे आधी हातपाय मोजत, गाडी नंतर दाखवत. डॉ. शर्वरी डांगे यांना हे मुळातच मान्य नव्हतं. पण मोजल्याशिवाय आवारात सोडत नाहीत म्हटल्यावर त्या वळणमापकाच्या खुर्चीत बसल्या. समोर खोटं स्टिअरिंग, बाजूला खोटा गिअर, पायाखाली खोटे क्लच-ब्रेक. पडद्यावरच्या रस्त्यावरून त्यांनी गाडी हाणली आणि यंत्र थांबायच्या आधीच उठल्या.

शर्वरीबाई पशुवैद्य होत्या. पाटणच्या वरच्या वाड्यांवर अडलेल्या म्हशी सोडवायला जाणं हे त्यांचं काम, आणि अडलेली म्हैस कुणासाठी थांबत नाही. या धावपळीत त्यांनी तीन गाड्यांचा फडशा पाडला होता. नव्या पेट्रोल गाड्या बनणं कधीच बंद झालेलं, विजेच्या गाडीला वर चार्जिंगची सोय नाही, आणि हातात पैसे बेताचेच. घाटात दगा न देणारी छोटी जुनी गाडी मिळाली नाही, तर वाड्या सोडून तालुक्याला पाळीव कुत्र्यांची नखं कापत बसायची वेळ येणार होती. त्या विचारानंच त्यांचं डोकं फिरत होतं.

केंद्राचे प्रमुख डॉ. ईशान सबनीस यांनी निकाल वाचला. "डॉक्टर, तुमच्या पैशांत बसतील अशा सहा गाड्या आहेत. पण एकीशीही तुमचे अठरा गुण जुळत नाहीत."

"मी गाडी घ्यायला आलेय. सोयरीक करायला नाही."

"फरक फारसा नाही," सबनीस म्हणाले. "जुनी गाडी चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. धातूवर धातू घासतो तेव्हा दोघांचे बारीक उंचवटे एकमेकांत बसत जातात. क्लच कुठं सोडला जातो, गिअर किती जोरानं पडतो, ब्रेक कधी लागतो, त्याप्रमाणे प्रत्येक भाग झिजतो. याला आम्ही घर्षणस्मृती म्हणतो. साध्या भाषेत, गाडीला वळण लागतं. मग वेगळ्या वळणाचा मालक आला, की तेच उंचवटे आडवे येतात आणि गाडी मोडते."

"म्हणजे गाड्या म्हातारपणानं मरत नाहीत."

"नव्या मालकामुळे मरतात. म्हणून अठराच्या खाली विमा नाही, आणि विम्याशिवाय रस्ता नाही."

"आणि हे छत्तीस गुणांचं खूळ कुणाचं?"

"समितीचं. लोकांना पटकन समजावं म्हणून."

मराठीत छत्तीसचा आकडा म्हणजे भांडण, हे त्या थोर समितीत कुणालाच आठवलं नव्हतं.

"माझ्या लग्नात एकतीस जुळले होते," शर्वरीबाई म्हणाल्या. "चार वर्षांत काडीमोड झाला. कळवा समितीला."

सबनीस हसले नाहीत. आपल्या आकड्यांची थट्टा त्यांना सोसत नसे.

"बरं, नंतर वळण बदललं तर?" शर्वरीबाईंनी विचारलं.

"कुणाचं? जुन्या गाडीचा धातू बसून घट्ट झालेला असतो. आणि तिशीनंतर माणूस बदलत नाही, हे आम्ही गृहीत धरलंय."

"गृहीत. म्हणजे मोजलेलं नाही."

सबनीस निकालाचा कागद उगाच चाळू लागले. शर्वरीबाईंना तेवढंच हवं होतं. त्या तडक आवारात गेल्या.

"ही बघा मॅडम, डॉक्टरची गाडी, एकाच हातातली," विक्रेता पुढे आला.

"मीपण डॉक्टरच आहे. माझी शेवटची गाडी बघितली असतीत तर हे बोलला नसतात."

बैल पारखावा तशी त्यांनी एकेक गाडी पारखली. इंजिन थंड असतानाच चालू करायला लावलं. तेलाचा थेंब बोटावर घेतला, चारही टायर सारखे झिजलेत का पाहिलं, खाली आडवं होऊन पत्र्याचा गंज नखानं खरवडला. डॉक्टरची गाडी गंज झाकायला आतून रंगवलेली निघाली. कोपऱ्यातली पिस्ता रंगाची मात्र ठणठणीत होती. पेटी शिकवणाऱ्या शिंत्रे गुरुजींनी ती जन्मभर एकट्यानं वापरली होती. तिच्याशी जुळलेले गुण अकरा, म्हणजे सहांमध्ये सर्वांत कमी.

"हीच घेणार," शर्वरीबाई म्हणाल्या. "तुमचं शास्त्र असेल तर प्रयोगाची सोय असणारच. नसेल तर बाहेर पंचांगवाल्याची पाटी लावा."

घाव वर्मी बसला. सबनीसांनी एका वर्षाचा प्रायोगिक परवाना दिला. गाडी एकदा जरी रस्त्यात बंद पडली, तर ती भंगारात जाणार आणि शर्वरीबाईंना पुन्हा गाडी मिळणार नाही.

"ती दोन महिन्यांत मोडेल," सबनीस म्हणाले.

"मला वळण लावणं आईला जमलं नाही, सासूला जमलं नाही. गाडीच सरळ होईल."

सुरुवातीला गाडी दर चढाला कुरकुरली. दुसरा गिअर तर हिसका दिला की पडायलाच नकार द्यायचा. शर्वरीबाईंनी तिचा उद्धार केला, लाथ घातली, पण बंद पडू द्यायची नाही म्हणून तेवढ्यापुरतं सबुरीनं घेतलं. पुढे कुरकुर थांबली. वर्षभरात गाडी एकदाही रस्त्यात अडली नाही, आणि वरच्या वाड्यांवरची एकही म्हैस डॉक्टरविना राहिली नाही.

वर्षानं फेरमोजणी झाली आणि दोन दिवसांनी निकालासाठी बोलावणं आलं. गुण आले तेहतीस.

"बघा!" शर्वरीबाईंनी टेबलावर थाप मारली. "म्हटलं नव्हतं, गाडी बदलेल?"

सबनीसांनी गेल्या वर्षीचे आणि आताचे वळणालेख शेजारी ठेवले. "गाडीचा आलेख तसूभरही हललेला नाही. तो अजून गुरुजींचाच आहे. बदललाय तो तुमचा."

"यंत्र बिघडलंय तुमचं!"

त्या पुन्हा खुर्चीत बसल्या आणि मुद्दाम बेफाम चालवायचं ठरवून गाडी हाणली. गुण आले चौतीस.

सबनीसांना आनंद लपवता येईना. "माणूस बदलतो, डॉक्टर! अठराची अट आता जाणार. धड असलेली कुठलीही गाडी कुणालाही घेता येईल. तुम्ही जिंकलात."

"मग झालं तर."

"एवढंच आहे, की विमा मंडळाला ही बातमी कालच कळली. आडदांड चालकांना यापुढे सक्तीनं अशाच शांत वळणाच्या गाड्या देणार आहेत. पहिली मागणी तुमच्या गाडीला आहे. तिप्पट किंमत देतायत."

"म्हणजे आता ती दुसऱ्या कुणाला तरी माणसाळवणार? नाही विकायची. सांगा त्यांना, वळण घेतलं ते मी माझ्या गरजेनं. दुसऱ्यावर लादायला मी गाडी देणार नाही."

त्या ताडताड बाहेर आल्या. राग अंगात मावत नव्हता. वर्षभर आपण जिला काबूत ठेवलं म्हणून मिरवलो, तिनंच आपल्याला हातोहात गुंडाळलं, हे त्यांना फार लागलं होतं. आता पूर्वीसारखी धूळ उडवतच जायचं, असं ठरवून त्यांनी गाडी सुरू केली.

फाटकात एक टेम्पो आडवा लावून त्याचा चालक निवांत चहा पीत होता. शर्वरीबाईंनी हॉर्न दाबायला हात उचलला. हात तिथपर्यंत गेला आणि अलगद स्टिअरिंगवर परत आला. पायांनी क्लच-ब्रेक हळूच दाबले, गिअर आवाज न करता निघाला, गाडी लोण्यासारखी थांबली. त्या आपल्याच हाताकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि टेम्पोवाल्याला अशी अस्सल शिवी हासडली, की त्याच्या हातातला चहा सांडला.

तोंड अजून त्यांचंच होतं.