पहिल्या ओळीतली हेलेना

“साईश, ही हेलेना कोण रे?”

विचारलं एकदाचं! मनीषा आणि अंकितानं पैज लावली होती — विचारून दाखव, पातळभाजी-पाव आमच्याकडून. दोघी आता शाळेच्या कॉम्प्युटर खोलीबाहेर, जनेलाच्या काचेवरच्या खाणीच्या तांबड्या धुळीला नाकं लावून उभ्या होत्या. आणि डिचोली तालुक्यातल्या भल्याभल्या पोरांना बुद्धिबळात पाणी पाजणारी विनोदिनी... तिचे कान मात्र लालेलाल!

साईश हसला. गालाला खळी पडली. मेली आत्ताच पडायची होती?

“हेलेना? तिच्याशिवाय माझं पान हलत नाही!”

“अस्सं...”

“अगो, पडद्यावरचा पट मी केला. पण कागदावर टिपलेले डाव टाइप केले की ते वाचून सोंगट्या हलवायच्या, तो प्रोग्रॅम तिचा. कसला सुरेख लिहिलाय! आणि सगळ्यांना फुकट. बघ, पहिल्याच ओळीत तिचं नाव.”

“भेटलास तिला?”

“कुठली! सायबर कॅफेतून फ्लॉपीवर उतरवून घेतला. पण वाचताना वाटतं, जुनी ओळख असावी...”

काजूच्या बियेचं तेल लागावं तसं विनोदिनीच्या आत चरचरलं. दहावीचं अख्खं वर्ष ती याच्या शेजारच्या बाकावर बसली. तिच्याशी बोलताना याला ‘सुरेख’ हा शब्द कधी आठवला नाही तो!

साईश पाणी प्यायला गेला. ती ओळ पडद्यावर चमकत होती. विनोदिनीनं एक बटण दाबून धरलं... एकेक अक्षर गडप झालं. मग सेव्ह केलं. हं, आता बस म्हणावं!

शनिवारी शाळेच्या प्रदर्शनात कमलबाईंनी विचारलं, “हे सगळं तू एकट्यानं केलंस?”

“नाही बाई. मोठं काम दुसऱ्या कुणाचं आहे. हे बघा नाव—”

नाव नव्हतं.

साईशचा चेहरा उतरला. त्यानं हळूच पडद्यावर रुमाल टाकला. “बाई, मग मी हे मांडत नाही. फुकट देणाऱ्यांची अट एकच — वापरा, बदला, पण नाव पुसू नका. आडनाव मला पाठ नाही, मूळ फ्लॉपीही बिघडली. नावाशिवाय ही चोरीच.”

बाई पुढच्या टेबलाकडे वळल्या. विनोदिनी टेबलाजवळ सरकली. वर्षभराची त्याची मेहनत... त्या रुमालाखाली!

“मी पुसलं,” ती म्हणाली.

“तू? का पण?”

“सारखं आपलं हेलेना, हेलेना!”

रुमाल बाजूला करून ती खुर्चीत बसली. नाव, ते गाठीगाठीचं परदेशी आडनाव, साल... न अडखळता टाइप केलं.

“तुला कसं पाठ?”

“दुश्मनाचं नाव कोण विसरतं?”

“मी रागावलोय हं,” साईश म्हणाला. पण खळी काही ऐकेना. “आता बघ, तुझी दुश्मन कुणाचे डाव वाचते ते.”

सोंगट्या हलू लागल्या. घोडा, उंट... अरे, हा तर फोंड्याच्या स्पर्धेतला तिचाच डाव! खाली टीप होती — ‘इथे विनोदिनीनं वेणीचं टोक चावलं. म्हणजे हत्तीचा बळी देणार.’ दुसरा डाव तिचा. तिसराही. बत्तीसच्या बत्तीस!

“तू... फोंड्याला आला होतास?”

“मागच्या रांगेत, वही घेऊन. हेलेना नुसतं वाचते गो. मी टिपलीय ती... तूच.”

विनोदिनीनं वेणीचं टोक चावलं.

“बघ! आता काय देणार?” तो हळूच म्हणाला.

“पातळभाजी-पाव. पैजेचा. अर्धा तुझा... पण आधी बाईंना हाक मार.”

संध्याकाळी लाटंबार्शाला घरी पोचताच तिनं दप्तर भिरकावलं.

“आई, बाबा, ऐका! मी ठरवलंय. कॉमर्स नको. मी सायन्सला जाणार, कॉम्प्युटर शिकणार, प्रोग्रॅम लिहिणार आणि जगाला फुकट वाटणार. पण पहिल्या ओळीत नाव माझं — बघतेच, कोण पुसते ती!”