लागोपाठ दोन शुक्रवार

१९९३ साल. मी एकोणचाळीस वर्षांची, बहारीनमध्ये एका बांधकाम कंपनीत अकाउंटंट आणि सनाबिसला शरच्चंद्रदादाकडे राहणारी बिनलग्नाची बहीण.

जानेवारीत ऑफिसची सहल झल्लाकच्या समुद्रकिनाऱ्यावर गेली होती. लाटेत पाय बुडवून मी वळले, तर मागे एक पिकअप वाळूत रुतलेली.

"बाई, जरा ढकलता का?"

"मी मराठी आहे हे कसं कळलं?"

"पाण्यात पाय घातलात आणि 'अगं आई गं' म्हणालात."

"मी साडी नेसलेय."

"गाडीची काही हरकत नाही."

मी ढकललं. गाडी निघाली आणि मी नखशिखांत वाळूने माखले. तो हसू दाबत म्हणाला, "माझे पणजोबा तट्टूवरून फिरायचे. तट्टू बरं, असं रुतत नाही."

हा रावजी शिरसाठ, नगरकडचा. आठवडाभर एसी दुरुस्त करायचा आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मजुरांच्या कॅम्पांतून उपासना घ्यायचा. पणजोबा शंभर वर्षांपूर्वी मेथडिस्ट पंथाचे ख्रिस्ती प्रचारक होते. गावोगाव हिंडले, दगड खाल्ले आणि दगड मारणाऱ्यांची प्रेतं पटकीच्या साथीत स्वतः उचलली. त्यांचा एक नियम रावजीही पाळायचा. एका घरी लागोपाठ दोनदा जेवायचं नाही. गरिबावर भार नको, आणि जीवही गुंतायला नको.

हे सगळं माझ्याकडून ऐकून दादाने त्याला कौतुकाने एका शुक्रवारी जेवायला बोलावलं. पुढच्या शुक्रवारी दार वाजलं... तोच उभा!

"नियम मोडलात?" मी हळूच विचारलं.

"आमटी फार छान होती."

"वहिनीने केली होती."

"मग वहिनींना सांगू नका..." तो माझ्याकडे बघतच राहिला. माझ्या हातातली वाटी कलंडली.

रावजी लागोपाठ दुसऱ्यांदा एकाच घरी जेवला, ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या कॅम्पांत पोचली. तिथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे प्रमुख आमोलिकसाहेब आमच्या घरी येऊन थडकले. "लग्न करायचं तर आधी हिचा बाप्तिस्मा होऊ दे. नाहीतर रावजी, तुझा प्रचार खलास."

दादा भडकला. "बाप्तिस्मा? उद्याच्या विमानाने परत धाडतो हिला!"

"दादा, माझा व्हिसा माझ्या कंपनीचा आहे," मी म्हणाले. वहिनी स्वयंपाकघरात खुदकन हसली.

मी रावजीला जिन्यात गाठलं. "ऐका. मी कुंकू पुसणार नाही. मनात नसताना बाप्तिस्मा घेणार नाही."

"तसला बाप्तिस्मा मी होऊही देणार नाही."

"मग तुमचा प्रचार जाईल. त्याच्याशिवाय जगाल तुम्ही?"

त्याने जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाला, "पणजोबांनी मिशनची परवानगी न घेता लग्न केलं. शिक्षा म्हणून त्यांना सगळ्यात लांबच्या उजाड गावांवर धाडलं. ते गेले... पणजी तट्टूवर, ते लगाम धरून पायी."

"मी नाही हं बसणार. मी चालेन."

"मग दोघं चालू." त्याने माझा हात धरला. तळवा खरखरीत होता.

मे महिन्यात पुण्याला जाऊन आम्ही रजिस्टर लग्न केलं. परतल्यावर बहारीनमध्येच बुसैतीनला खोली घेतली. तोवर आमोलिकसाहेबांनी रावजीची प्रचारकाची नेमणूक काढून घेतली होती. पहिल्याच शुक्रवारी कॅम्पातल्या उपासनेच्या खोलीला आतून कडी. रावजी बाहेर पायरीवर बसला आणि मोठ्याने भजन म्हणू लागला. मी शेजारी बसून टाळ्यांचा ठेका धरला. दोघं आले, मग चौघं. शेवटी आतलेच कडी काढून बाहेर आले.

आमोलिकसाहेब पुढे नगरला राहायला गेले. मरेपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत. वहिनी मला चोरून फोन करायची. एकदा रिसीव्हर दादाने ओढून घेतला आणि म्हणाला, "जावईबापूंना दे." आता दादा-वहिनी ठाण्याला मुलाकडे असतात, रोज भांडतात. मी पुण्यात, सत्तरी ओलांडलेली, आहे त्याच धर्मात.

रावजी २०१४ साली नगरला वारला. दफनानंतर तिथला तरुण पाळक संकोचून म्हणाला, "काकू, थडग्याच्या दगडावर 'प्रचारक' लिहिता येणार नाही. नेमणूक काढून घेतली होती ना..."

"लिहा," मी म्हणाले. "कोण पुसतंय ते मी बघते."