थांबायचा ठोका

विश्वास ठेवाच, असं मी म्हणणार नाही. पण हे जिच्याकडून मी ऐकलं, त्या माझ्या आजेसासूला, इसानोला, साधी थापसुद्धा मारता यायची नाही.

जपानमधलं ओसाफुने गाव. दुसरं महायुद्ध संपून वीसेक वर्षं झालेली. थंडीतली ढगाळ दुपार.

हो, दुपारच. सगळे आधी तेच विचारतात.

इसानोचा नवरा गेन्साकू तलवारी घडवायचा. तो छोट्या हातोडीने ठोका देणार आणि समोरचा त्याच जागी मोठा घण घालणार. तोंडाने एक शब्द नाही. ऐरणीवर हातोडी आडवी वाजली... टण्ण... की थांबायचं.

समोर कायम तोमेजी असायचा. गेन्साकूचा सगळ्यात जुना शिष्य.

शिष्य तयार झाला की गुरू त्याला आपल्या नावातलं एक अक्षर देतो. मगच त्याला स्वतःच्या नावाने तलवार करता येते. पण गेन्साकू त्याला नुसता झुलवत राहिला.

"एवढी एक होऊ दे रे. मग बघू."

शेवटी तोमेजीने एक पातं एकट्याने घडवलं. देखणं झालं होतं. गेन्साकूने काय करावं? मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर स्वतःचं नाव कोरलं आणि स्पर्धेत पहिलं बक्षीस घेऊन आला!

तोमेजी भांडला नाही. त्या वर्षी त्याची छाती भरली आणि त्याने अंथरूण धरलं. इसानो भाताची पेज घेऊन गेली, तेव्हा तो हसला.

"वहिनी, उस्तादांना सांगा, मी घण घालायला येईन. पण आता थांबायचा ठोका ऐकणार नाही."

तिने घरी येऊन सांगितलं. गेन्साकू म्हणाला, "मेल्यावर तरी आराम कर म्हणावं."

आठवड्याभरात तोमेजी गेला.

पुढच्याच थंडीत देवळाला अर्पण करायच्या तलवारीचं काम आलं. ही साधली तर गेन्साकूचं नाव देशभर होणार होतं. बिघडली तर लोक विचारणार होते, ते बक्षिसाचं पातं खरंच याचं होतं का?

त्या दुपारी घण घालणारा पुतण्या सेन्किची खांदा धरून स्वयंपाकघरात बसला होता. लचक भरली होती.

"काकी, काकांना सांग ना, मी माणूस आहे, बैल नाही."

"तूच सांग. बघू तुझी हिंमत."

तेवढ्यात भट्टीच्या खोलीतून आवाज आला.

टुक.

गेन्साकूची हातोडी. सवयीने वाजवली असेल...

धाड.

सेन्किचीचं तोंड उघडंच राहिलं. "काकी... घण कोण घालतंय?"

इसानो ऐकत राहिली. टुक. मग जमिनीवर पाय घासल्याचा आवाज... सर्रर्र. मग धाड.

घण उचलताना डावा पाय ओढायची सवय एकाच माणसाला होती.

भट्टीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही, अशी रीत. ती दाराबाहेरूनच ओरडली, "अहो! आत कोण आहे?"

"कुणी नाही! जा तू!" गेन्साकूचा आवाज चक्क खुशीत होता. "असा घाव वर्षभरात पडला नव्हता!"

इसानोला भीतीपेक्षा किळस आली. नवऱ्याला सगळं माहीत होतं. मेलेल्या माणसालाही तो राबवून घेत होता.

मग... टण्ण.

थांबायचा ठोका.

सर्रर्र... धाड.

टण्ण. टण्ण.

धाड.

"तोमेजी, पुरे! वरचं कडक पोलाद फाटेल! आतलं मऊ लोखंड बाहेर येईल!"

धाड.

"थांब रे! तुला अक्षर देतो! आजच देतो!"

सगळं शांत झालं.

इसानोने दाराला कान लावला...

सर्रर्र.

धाड.

तिने रीत गुंडाळून ठेवली आणि दार सरकवलं.

ऐरणीसमोर कुणी नव्हतं. तोमेजीचा घण भिंतीला टेकलेला होता, तो गेल्यापासून होता तसाच. फक्त दांडा घामाने ओला होता.

सांडशीतल्या पात्याचं वरचं पोलाद सालीसारखं सुटलं होतं. आतलं मळकट लोखंड उघडं पडलं होतं. गेन्साकूची हातोडी अजून वाजत होती. टण्ण. टण्ण.

"थांबत नाही गं तो..."

त्यानंतर त्याच्या हातून एकही तलवार झाली नाही. वाटीला जेवायची काडी लागली तरी तो कान झाकायचा. इसानोने घण नदीत टाकला, भट्टीला फळ्या ठोकल्या.

काही वर्षांनी गेन्साकू गेला. भिक्षूने मंत्र सुरू केला आणि लाकडी वाद्यावर दांडी मारली.

टुक.

बंद भट्टीतून उत्तर आलं.

धाड.

भिक्षूचा हात जागीच थांबला. "आत काम चालू आहे का?"

भिक्षूने दांडी खाली ठेवली. घण मात्र थांबला नाही. गेन्साकूला तसंच, मंत्राविना नेलं.

आम्ही अजून त्याच घरात राहतो. मुळा चिरून झाला की मी सुरी फळीवर आवाज न करता ठेवते. का, ते घरात कुणाला सांगितलेलं नाही.

काल जेवताना नातीने गंमत म्हणून काडी वाटीवर आपटली. मी झटकन तिचा हात धरला.

तोवर एकदा वाजलं होतं.

भट्टीच्या बाजूने पाय घासल्याचा आवाज आला...

घण अजून पडलेला नाही.