तुटक रेषेतली खुर्ची

मार्लिस टॉफ्ट त्या घरी गेली ती अगदी साध्या कामाला. एका भिंतीत दार पाडायचं होतं, त्याची मापं घ्यायची. फार तर दीड तासाचं काम. आयोवातल्या जुन्या घरांचे नकाशे काढण्यात तिची वीस वर्षं गेली होती. काम घरीच, एकटीने, वडिलांच्या टेबलावर. ते टेबल दारातून आत जाईना म्हणून तिने स्वतः त्याचा डावा कोपरा कापून टाकला होता. अशी बाई. हिला भुताखेतांचं काही सांगायला जावं, तर ती टेपचं दुसरं टोक धरायला लावायची!

घर प्रेअरी पद्धतीचं होतं. बुटकं, लांबच लांब, जमिनीला धरून बसलेलं. छपराची वळचण चांगली चार फूट पुढे आलेली आणि सगळ्या खोल्या मधल्या विटांच्या फायरप्लेसभोवती. जानेवारीतलं तिसऱ्या प्रहराचं ऊन वळचणीखालून आत येत होतं, रंगीत काचांतून फरशीवर पसरत होतं. आत पाऊल टाकलं आणि मार्लिसचा आवाज आपोआप खाली आला.

"बूट काढ, पोरी," एल्डन क्रोग म्हणाला. "आर्डिस घरात नाही म्हणून काय झालं? आली की मलाच ऐकवेल."

एल्डन एक्क्याऐंशी वर्षांचा, आयुष्यभर सुतारकाम केलेला. त्याची बायको आर्डिस हिला नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ती नर्सिंग होममध्ये होती. अर्ध्या तोंडाने ती एकच म्हणायची, मला घरी ने. जिना चढणं आता शक्य नव्हतं. म्हणून फायरप्लेसजवळ पलंग टाकायचा आणि शेजारच्या खोलीत न्हाणीघर करून तिथे जायला दार काढायचं, असा बेत होता. डॉक्टरांनी मात्र मान हलवली होती. बर्फ वितळेपर्यंत ती राहील याची त्यांना खात्री नव्हती.

"परक्या माणसांत मरू द्यायचं नाही मला तिला," एल्डन म्हणाला. "बाकी काही मागणं नाही बघ माझं."

त्याने तिला कॉफी दिली, लिंबाच्या वड्या दिल्या आणि फायरप्लेसच्या उजव्या अंगाला आपल्या खुर्चीत जाऊन बसला. चाळीस वर्षं ती खुर्ची तिथून हललेली नव्हती.

मार्लिसने भिंत मोजली. चाकांचा पलंग सहज जायला हवा. मनाशी हिशोब करून तिने वहीत लिहिलं: तीन फूट चार इंच. आकडा मोठ्याने उच्चारला नाही.

"मूळ नकाशे आहेत का हो?"

एल्डनने खिडकीखालच्या बैठकीचं झाकण उचललं आणि पत्र्याची एक नळी काढली. आतला नकाशा मेणकापडासारख्या चिवट कापडावर काळ्या शाईने काढलेला होता. साल १९११. काढणाऱ्याचं नाव नव्हतं, कोपऱ्यात फक्त दोन अक्षरं. शंभर वर्षांच्या कापडाला कुबट वास यायला हवा. पण नळी उघडली तसा ताज्या शाईचा वास खोलीभर पसरला.

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून एकेक माप ती ताडून बघू लागली. खिडक्या, खांब, पायऱ्या. कुठे पाव इंचाचा फरक नाही! आज असं काम कोणाच्या बापाला जमणार नाही, असं तिच्या मनात आलं. आणि मग तिचं बोट त्या भिंतीवर आलं.

भिंतीत दार होतं. तीन फूट चार इंच.

"हे... हे तुम्ही काढलंत?"

"मी? माझ्या हातून सरळ रेघ येते ती फक्त करवतीने."

"आधी होतं हे?"

एल्डन उठून आला. चष्मा वर केला, खाली केला. "ख्रिसमसला बघितला होता मी हा नकाशा," तो हळूच म्हणाला. "तेव्हा इथे भिंत होती."

फायरप्लेसपाशी एक पलंग काढलेला होता. चार पायांना चार चाकं. रेघ ठळक, अखंड. एल्डनने टेबलाची कड घट्ट धरली.

"येतेय... म्हणजे ती घरी येतेय, पोरी!" त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

मार्लिसने तेवढ्यात पटकन नकाशातल्या पलंगाच्या उजव्या अंगाला हात ठेवला. पण म्हातारा सुतार होता.

"हात काढ."

"काही नाही हो तिथे..."

"साठ वर्षं नकाशे वाचतोय मी. काढ हात."

तिने हात काढला. तिथे खुर्ची होती, तुटक रेषेत. दुरुस्तीच्या नकाशात जे ठेवायचं ते अखंड रेषेत काढतात. जे हलवायचं, काढून टाकायचं, ते तुटक रेषेत.

एल्डनने त्या तुटक रेषेवरून बोट फिरवलं. छपरावरून बर्फाचा थर घसरून धप्पकन खाली पडला. तो घाबरला नव्हता. समोर मोठा कारागीर उभा असावा तसा तो आदबीने उभा होता.

"ठीक आहे," तो त्या कापडालाच म्हणाला. "माझी तक्रार नाही. पण मग तिच्याजवळ कोण बसेल? तेवढं... तेवढं बघा."

भिंतीच्या आतून बारीक आवाज आला. कोणी पट्टीला धरून टाक ओढावा तसा. दोघांनीही ऐकला. मार्लिसने नकाशा गुंडाळला तेव्हा तिचा अंगठा काळा झाला होता.

फेब्रुवारीत दार झालं, आर्डिस घरी आली. एल्डन अकरा दिवस तिचा हात धरून बसला. बाराव्या सकाळी तो खुर्चीतच गेला, कॉफीचा कप मांडीवर होता. आर्डिसला सांभाळायला आलेल्या पुतणीने खुर्ची कोणाला तरी देऊन टाकली.

एप्रिलमध्ये झालेलं काम तपासायला मार्लिस पुन्हा गेली. बाहेर नुसता चिखल. आर्डिस पलंगावर उशीला टेकून बसली होती, गालांवर चक्क रंग आला होता.

"मिसेस क्रोग, तुमच्याजवळ कोण असतं?"

"पुतणी... शनिवारपर्यंत." शब्द अडखळत येत होते. "पुढची... सोय झालीय. एल्डन म्हणाला."

"कधी म्हणाले?"

"काल."

मार्लिस खिडकीकडे वळली. तिने बैठकीचं झाकण उचललं, नळी उघडली. खुर्ची नकाशावर नव्हती. खरवडल्याची खूणसुद्धा नाही, कापड कोरं. पण खिडकीखाली, जिथे उजेड उत्तम येतो तिथे, एक टेबल काढलेलं होतं. अखंड रेषेत. पाच फूट दोन इंच लांब. डावा कोपरा कापलेला, तिने स्वतः कापला होता तसाच.

तिने बोट लावलं. शाई ओली होती.

"बूट काढ, पोरी," पलंगावरून आर्डिस म्हणाली. या वेळी ती जराही अडखळली नाही. "घरात चिखल येतोय."

मार्लिस खाली वाकली आणि नाड्या सोडू लागली.