दगडाला फुटलेली पानं

"अहो, तो दगड उचलू नका... तो जिवंत आहे!"

तिचा हात कुंडीवरच थबकला.

"जिवंत?"

"लिथॉप्स. कोरड्या मुलुखातलं झाड. जनावरांनी खाऊ नये म्हणून दगडाचं सोंग घेतं." रोपवाटिकेतला तो तरुण हसला. "तुम्हीही फसलात की!"

"आणि म्हणे मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते!"

पुढच्याच आठवड्यात त्याच्या चष्म्याची दांडी सैल झाली. मग दर आठवड्याला होऊ लागली आणि दर वेळी तो तिच्याच दुकानात येऊ लागला.

एकदा तो दोन महिन्यांसाठी परगावी कामाला निघाला. सहा वर्षं वाढवलेली आपली लिथॉप्सची कुंडी त्याने दुकानातल्या तिच्या टेबलावर ठेवली.

"एकच अट. काही झालं तरी पाणी घालायचं नाही."

महिन्याभरात झाड सुरकुतलं.

"अगं, तहानेनं चाललंय बिचारं! घोटभर पाज," डबा घेऊन आलेली तिची मावशी म्हणाली.

दोनदा तिने पेला उचलला, दोनदा खाली ठेवला. तो यायच्या आदल्या दिवशी झाडाची पार मनुका झाली होती. एवढंसं झाड राखता आलं नाही, असं म्हणून त्याने पाठ फिरवली तर?... ती धावत रोपवाटिकेत गेली आणि तशाच कुंडीतलं तसंच दुसरं झाड घेऊन आली. सुकलेलं मात्र टाकवेना. ते तिने कुंडीसकट टेबलाच्या खणात लपवलं.

तो आला. कुंडीकडे बघत राहिला.

"हे माझं नाही."

"कशावरून?"

"माझ्याच्या माथ्यावर तीन तपकिरी रेघा होत्या."

तिने खण उघडला. "मेलं हो ते... पाणी नाही घातलं, शपथ! पण तुम्ही पुन्हा आला नसतात, म्हणून—"

त्याने तिचंच भिंग उचललं, झाडावर धरलं आणि तिला जवळ बोलावलं. सुरकुत्यांच्या फटीत पानांची नवी जोडी होती. टवटवीत, हिरवी.

"जुनी पानं आपलं पाणी नव्यांना देतात आणि सुकतात. वरून पाणी घातलं असतंत, तर कुजलं असतं."

"आधी सांगायला काय झालं होतं? दोन महिने जीव टांगणीला!"

"माझाही होताच..."

"तुमचा कशाला?"

"झाड जगलं, तर परत न्यावं लागणार. मग इथे यायला निमित्त काय? दांडी तरी किती वेळा सैल करायची?"

तिने डोळे पुसले. दोन्ही कुंड्या उचलून खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या.

"मग नेऊ नकोस," ती म्हणाली.